स्पीकर, नग एक

शेवटच्या साध्या दिवशी, एका बुधवारी संध्याकाळी, माझे वडील बैठकीच्या खोलीत रांगत होते. तोंडात पेन्सिल, हातात पोलादी टेप, कानांवर हेडफोन. हेडफोनची वायर रेकॉर्ड प्लेअरपासून जिथवर पोचत होती तिथवर त्यांचं रांगणं चाललं होतं. मी दिवाणावर पाय पसरून वाचत होते.

"पाय वर!" बाबा ओरडले. हेडफोन घातलेल्या माणसाला सगळं जग बहिरं वाटतं.

मी पाय वर घेतले. त्यांनी भिंतीपासून आपल्या खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं, वहीत लिहिलं आणि पुन्हा मोजलं. बाबा चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकदाच मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं त्यांना अफवेवर विश्वास ठेवण्यासारखं वाटे.

"काय चाललंय?" मी विचारलं.

त्यांनी डाव्या कानावरचा हेडफोन उचलला. "काय म्हणालीस?"

"काय चाललंय, म्हटलं."

"उद्यापरवा एक वस्तू येणार आहे. स्पीकर. आता जरा मोठ्याने लावीन म्हणतो. चालेल ना?"

मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "हळू लावा म्हणजे झालं."

"हळूच, हळूच," बाबा म्हणाले आणि त्यांनी हेडफोन परत कानावर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करायला बसले ते उठले नाहीत. त्या दिवसाबद्दल एवढंच सांगते. बाकीचं ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे. इथे मला स्पीकरबद्दल सांगायचं आहे.

आमच्या घरात हेडफोन आला तो माझ्यामुळे. बावीस वर्षांपूर्वी माझं परीक्षेचं वर्ष होतं आणि मी घरात शांततेचा हुकूम काढला होता. बाबांचे जुने दोन स्पीकर मामा 'तात्पुरते' घेऊन गेला. मामाच्या घरात अशा तात्पुरत्या वस्तूंनी एक आख्खी खोली भरलेली आहे. बाबांनी मुकाट्याने हेडफोन आणला. परीक्षा संपली, निकाल लागला, मला ग्रंथालयात नोकरी लागली. पण हुकूम मागे घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. हुकूम काढणारीच्याही नाही.

त्याच वर्षी बाबांनी एक रेकॉर्ड आणली. एका बाईंचं संथ गाणं आणि साथीला एक व्हायोलिन. बस. रोज संध्याकाळी ते खुर्चीत बसून ती ऐकत. मी एकदा कुतूहलाने हेडफोन लावून पाहिला आणि म्हटलं, "बाबा, यातलं व्हायोलिन फार सुंदर आहे हो."

बाबा म्हणाले, "कुठलं व्हायोलिन?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. नंतर ती घरातली म्हणच झाली. आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं की बाबा म्हणत, "कुठलं मीठ?" वीजबिल भरायचं राहिलंय म्हटलं की, "कुठलं बिल?" आणि आम्ही हसायचो.

तर उद्यापरवा येणारी ती वस्तू तीन आठवड्यांनी आली. पार्सलवाल्याने गोणपाटात शिवलेली एक पेटी दारात ठेवली आणि माझी सही घेतली. मी विचारलं, "दुसरी?" तो म्हणाला, "दुसरी सही नको, एकच पुरे," आणि जिना उतरून गेला.

पेटी देखणी होती. गडद लाकूड, पुढे करडं कापड, मागे तारा अडकवायला चार पितळी खुंट्या. कोपऱ्यांवर हात फिरवला तर कुठे सांधा लागत नव्हता. पण एकच! पावतीवर लिहिलं होतं, 'स्पीकर, खास मागणीनुसार, नग १.' आता स्पीकर म्हणजे बूट, मोजे, कानातले यांच्या जातीची वस्तू. नग एक म्हणजे जोडी एक, हे मला शाळेतलं पोरही सांगेल.

"एकच पुरे," आई म्हणाली.

आईच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. त्या दिवसांत ती सगळ्यालाच पुरे म्हणत होती. पोळी एकच पुरे, दिवा एकच पुरे.

मामा आला. मामाला कशातलंही सगळं कळतं. त्याने पेटीला वाकून, उकिडवं बसून आणि एकदा आडवं होऊन पाहिलं. "सोपं आहे. चार खुंट्या का? तर दोन खुंट्यांत अँप्लिफायरची तार घ्यायची आणि उरलेल्या दोन दुसऱ्या पेटीशी जोडायला. याचा अर्थ दुसरी पेटी आहेच!" त्याने दोन तारा जोडल्या, मी ती रेकॉर्ड लावली.

बाई गायल्या. खोलीत उभ्या राहून गायल्यासारख्या गायल्या. पहिलं कडवं संपलं, आता व्हायोलिन उचलणार म्हणून मी श्वास धरला आणि तिथे काहीच आलं नाही. नुसती सुईची खरखर. मग पुन्हा बाई.

"व्हायोलिन कुठे गेलं?" मी म्हटलं.

"कुठलं व्हायोलिन?" मामा म्हणाला. तो सहज म्हणाला. पण आई उठून आत गेली.

माझा निश्चय तिथेच झाला. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं अर्धं माप चालवून घेतलं नाही, त्याची शेवटची वस्तू अर्धी यावी? व्हायोलिन दुसऱ्या पेटीत होतं. ती पेटी मी आणणार होते आणि बाबांचं गाणं बाबांच्या खोलीत पुरतं वाजवणार होते.

माझा निश्चय जिन्यावर पसरला. आमच्या वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात आणि तिथेच दातही काढतात. ते जिन्यातच थांबून म्हणाले, "आधी मला सांगा, ऐकता काय? आवडीप्रमाणे स्पीकर निवडायचा असतो. ढोल ऐकणाऱ्याला कपाटाएवढा, बासरी ऐकणाऱ्याला डब्याएवढा. आणि तारा? माझ्या अंगठ्याएवढ्या जाड हव्यात." त्यांनी अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा पुढे या कथेशी संबंध येणार आहे.

मी पावतीवरच्या दुकानात गेले. तक्रारीच्या खिडकीवर एक चष्मेवाली बाई होती. तिने मला फॉर्म दिला. मी ग्रंथालयात काम करते. फॉर्म या वस्तूबद्दल मला आदर आहे. त्यात तक्रारीचे प्रकार छापले होते: आवाज येत नाही, आवाज फाटतो, रंग आवडला नाही, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे बारीक अक्षरात पाऊण पान लिहिलं.

तिने वाचलं. "तुमचं व्हायोलिन आलेलं नाही. पण पावतीवर व्हायोलिन नाहीये. स्पीकर आहे."

"व्हायोलिन दुसऱ्या स्पीकरमध्ये आहे."

तिने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "ग्राहक तुम्ही आहात?"

"माझे वडील. ते वारले."

"अरेरे," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग फॉर्मकडे बघून, "पण खास मागणीच्या मालाबद्दल मूळ ग्राहकानेच यायला लागतं."

"ते येऊ शकत नाहीत."

"मग पत्र द्या त्यांचं. की मी येऊ शकत नाही म्हणून."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही, आपण काय बोललो ते ऐकून, माझ्याकडे पाहिलं. आम्हां दोघींना एकदमच हसू आलं आणि दोघींनी ते दाबलं. मग ती म्हणाली, "असं करा, पार्सल कचेरीत बघा. त्यांच्याकडे माल हरवतो."

पार्सल कचेरीतल्या कारकुनाकडे दोन पेनं होती आणि दोन्ही चालत नव्हती. "हरवलेल्या नगाचा क्रमांक?"

"तो हरवला आहे."

"हरवलेल्या वस्तूलाही क्रमांक असतो, बाई. उलट तिलाच असतो. जागेवर असलेल्या वस्तूला कोण विचारतो?"

हे वाक्य मी ग्रंथालयात भिंतीवर लावायचा विचार केला होता. शेवटी त्याने वर्णनावर समझोता केला. मी सांगितलं: लाकडी पेटी, दीड फूट उंच, पुढे गोल, मागे तारांसाठी भोकं, गोणपाटात शिवलेली. चार दिवसांनी निरोप आला, सापडली. घरपोच केली. मी ग्रंथालयात सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

ही पेटी जरा हलकी होती. "हलकं लाकूड म्हणजे उंची माल," मामा म्हणाला. गोणपाट उसवू द्यायला तो तयार नव्हता. "आत धूळ जाईल. आधी आवाज बघू, मग कपडे काढू." त्याने गोणपाटाला मागून एक चीर दिली, बोटांनी दोन भोकं चाचपून काढली, त्यांत तारांची टोकं खुपसली आणि मला म्हणाला, "सोड."

बाई गायल्या. मामाने डोळे मिटले. "अहाहा! बघ, उजवीकडून खालचे सूर कसे भरून येताहेत!"

मी उजवीकडे कान लावला. "मला काही येत नाहीये."

"तुझा कान तयार नाही. थांब, जरा वाढवतो." त्याने आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिळली. नेमक्या त्याच क्षणी बाईंनी वरचा षड्ज लावला. खिडकीची तावदानं वाजली, आईच्या हातातला कप बशीत नाचला आणि वरच्या मजल्यावरून एका पुरुषाची किंकाळी आली.

पाच मिनिटांनी दंतवैद्य खाली आले. अंगठ्याभोवती कापूस गुंडाळलेला. "पेशंट दचकला," ते शांतपणे म्हणाले, "आणि त्याने तोंड मिटलं. तोंडात मी होतो." आम्ही क्षमा मागितली. पण शास्त्र ते शास्त्र. त्यांनी दोन्ही पेट्यांकडे पाहून मान तिरकी केली. "तारा बारीक आहेत तुमच्या. उजवी बाजू जरा दबलेली वाटते."

तेवढ्यात दार वाजलं. दारात चिखलाने भरलेल्या बुटांची, गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई उभी होती. मागे पार्सल कचेरीतला कारकून. त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. बाई थेट आत आली, उजव्या पेटीपाशी बसली आणि तिने टर्रकन गोणपाट फाडलं. पुढे एक गोल भोक होतं. भोकात काही नव्हतं. आत थोडा भुसा होता.

"पिंगळ्याचं घर आहे हे. लहान घुबडाचं," ती म्हणाली. "झाडावर टांगायचं. मागची दोन भोकं टांगण्यासाठी. यात तारा कुणी घातल्या?"

मामा खिडकीतून बाहेरची झाडं मोजू लागला. दंतवैद्यांना वरचा पेशंट आठवला.

"इतक्या आवाजात पिंगळा कधी राहणार नाही," घर काखेत मारून जाताना ती म्हणाली. त्यात राग नव्हता, माहिती होती. त्यामुळे जास्त लागलं.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "मी म्हटलं होतं, एकच पुरे."

मी रागाने आणखी एक अर्ज लिहायला घेतला.

तो घेऊन मी, मधल्या दोन फेऱ्या धरून, चौथ्यांदा खिडकीवर गेले तेव्हा चष्मेवाल्या बाईने फॉर्म पुढे केलाच नाही. एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला. "हे कारागीर. पेटी यांनी बनवली. नियमात बसत नाही, पण जा. तुम्ही आलात की मला माझ्या वडिलांना फोन करावासा वाटतो, आणि कामाच्या वेळात ते चालत नाही."

कारागिराची जागा एका गल्लीच्या टोकाला होती. पत्र्याखाली लाकडाच्या फळ्या, सरसाचा वास, जमिनीवर भुशाचा मऊ थर. म्हातारबुवा एका फळीला रंधा मारत होते. मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"गुरुवारचे साहेब. बरेच गुरुवार झाले, आले नाहीत."

मी सांगितलं. ते काही वेळ फळीवरचा भुसा हाताने झटकत राहिले. फळी स्वच्छ होती तरी.

"पेटी पोचली?"

"एक पोचली. दुसरीसाठी आलेय." आणि मी माझी सगळी कैफियत मांडली. फॉर्म, पार्सल, पिंगळा, व्हायोलिन. त्यांनी मध्येच विचारलं, "चारही खुंट्या जोडल्यात का?"

"दोन. उरलेल्या दोन दुसऱ्या पेटीसाठी आहेत ना?"

"दुसरी पेटी नाही, बाई. साहेबांनी एकच मागितली होती." त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. "आत दोन स्पीकर आहेत. डावीकडचाही आवाज त्यातच, उजवीकडचाही त्यातच. चार खुंट्यांना चार तारा. तुमच्या त्या रेकॉर्डमध्ये बाई एका बाजूला आहेत आणि व्हायोलिन दुसऱ्या. जुन्या काळी तशीच भरायचे. तुम्ही निम्मी पेटी मुकी ठेवलीत."

"पण एकच का?"

म्हातारबुवांना नवल वाटलं. "कान एकच चालायचा ना त्यांचा. डावा."

ते आपले सांगत राहिले. "मी सगळ्यांना पहिलं विचारतो, ऐकता काय? लोक यादी देतात हातभर. साहेब म्हणाले, एक बाई. म्हटलं, ठीक, त्या बाईच्या गळ्याच्या मापाची पेटी करू. सहा गुरुवार आले. रेकॉर्ड काखेत घेऊन यायचे. लाकूड बदललं, आतला कापूस बदलला. तिसऱ्या गुरुवारी मी प्रथमच चारही तारा जोडल्या आणि लावलं. कडवं संपलं तसे ताडकन उठले. म्हणाले, हे कोण? म्हटलं, व्हायोलिन. रेकॉर्डवर पहिल्यापासून आहे."

"मग?"

"हेडफोनमध्ये ते उजव्या कानाला येत असणार. मी म्हटलं, साहेब, बावीस वर्षांत एकदा हेडफोन उलटा घातला असता तरी कळलं असतं. तर म्हणाले, त्यावर डावा-उजवा छापलेलं आहे, खुणेविरुद्ध कसा घालणार?" म्हातारबुवा हसले. मीही हसले. ते बाबाच होते, शंभर टक्के. "मग पुन्हा लावायला लावलं. चारदा. मग म्हणाले, माझी मुलगी सांगत होती. मी तिला म्हणायचो, कुठलं व्हायोलिन."

रंध्याची पाती त्यांनी अंगठ्याने तपासली. "मी विचारलं, कानाचं मुलीला सांगितलं नाहीत? तर म्हणाले, एक पारडं अडकलेला तराजू दिसला तर मी स्वतः बाद करायचो. मग स्वतःचं कुठल्या तोंडाने सांगू?"

घरी येताना मी रस्त्याच्या कडेने चालले आणि एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणापासून बाबांबद्दल माझी एक तक्रार होती. रस्त्याच्या कुठल्याही बाजूने चाललो तरी ते मला ओढून आपल्या डाव्या हाताला घेत. कधीकधी ती बाजू नेमकी गाड्यांची असे. इतर मुलींचे बाप त्यांना गाड्यांपासून दूर ठेवतात आणि माझा बाप मला गाड्यांकडे करतो, हे मी वयाच्या आठव्या वर्षी मनात लिहून ठेवलं होतं. आणि सबंध रस्ताभर माझी बडबड चाले. एक शब्द ते चुकवत नसत.

आई डाळ निवडत होती. "आई, बाबांचा उजवा कान..."

"लग्नाआधीपासून," ती वर न बघता म्हणाली. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू नेहमी त्यांच्या डावीकडून चालायचीस."

"मग पेटी आली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. एकच पुरे म्हटलं."

"कारण सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे? तू अर्ज लिहीत होतीस."

मी पेटी बाबांनी वहीत लिहिलेल्या अंतरावर ठेवली. टेपने मोजली, मग पुन्हा मोजली. चार खुंट्यांना चार तारा लावल्या. आईने डाळीचं ताट बाजूला सारलं आणि पदराला हात पुसत येऊन बसली, बाबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. खुर्चीत कुणी बसलं नाही.

मी सुई ठेवली. सवयीने माझा हात आवाजाच्या खुंटीकडे गेला आणि मी तो कमी केला. बाई अगदी हळू गायल्या, शेजारी कुणी अभ्यासाला बसल्यासारख्या. कडवं संपलं. आणि त्याच पेटीतून, त्याच जागेवरून, व्हायोलिन निघालं. बारीक. जणू ते दारातच उभं होतं आणि आत येऊ का म्हणून विचारत होतं.

आई माझ्याकडे बघत होती. वर दंतवैद्यांकडे पेशंट होता, खुर्ची हलवल्याचा आवाज येत होता. मी खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन आईशेजारी उभी राहिले आणि खुर्चीकडे बघून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"बाबा, मोठ्याने लावा."